आत येऊ का?

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला पाहिले असेल, तरी मी तुमच्या लक्षात राहिलो नसेन. त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही, कारण कुणाच्या लक्षात न राहणे हेच माझे काम. मी एका बालवाडीतला जुना आडोसा आहे. तीन लाकडी चौकटी, त्यांना जोडणाऱ्या चार बिजागऱ्या आणि चौकटींत ताणून बसवलेले जाड सुती कापड, एवढाच माझा पसारा. मिटलो की भिंतीला टेकून उभा राहतो. उघडलो की खोलीचा एक कोपरा बाकीच्या खोलीपासून वेगळा करतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी एका सुतारकाकांनी मला घडवले. बालवाडी तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. एक लांबट खोली, दोन खिडक्या, मागे छोटे अंगण. ती चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणत. खरे तर त्या काडीपैलवान होत्या आणि वयानेही तिशीच्या आतच. पण हाताखाली बावीस वर्षांची मावशी, त्यामुळे ह्या आपोआप मोठ्या झाल्या.

सुतारकाकांनी कानावरची पेन्सिल काढून विचारले, “उंची किती ठेवू, बाई? दवाखान्यात असतो तसा पुरुषभर करू?”

“नको नको. माझ्या खांद्यापर्यंत पुरे.”

“मग तुमचं डोकं दिसणार की वरून!”

“दिसायलाच हवं, काका. आडोशामागे कोण मोठं माणूस आहे ते सगळ्या खोलीला कळलं पाहिजे. मूल मात्र कुणाला दिसता कामा नये.”

काकांनी मान डोलावली. मग बाई म्हणाल्या, “आणि खाली वीतभर मोकळा सोडा. फरशी पुसायला बरं पडतं.”

काकांनी सोडला. त्या वीतभर फटीबद्दल त्या दिवशी कुणाच्या मनात काही आले नाही. माझ्याही नाही. पण तुम्ही ती लक्षात ठेवा. पुढे तिच्यापाशी यायचेच आहे.

माझे कापड निळ्या चौकडीचे होते. मोठ्या बाईंच्या घरचे जुने पडदे उसवून ते शिवले होते. माझ्यामागे एक पाट, एक बादली, एक मग आणि एक पत्र्याची पेटी असे. पेटीत धुतलेले, घडी घातलेले छोटे छोटे कपडे असत. आता तुम्हाला माझे काम कळलेच असेल.

तीन-चार वर्षांची मुले खेळात रमली की त्यांना कशाचे भान राहत नाही. मग चड्डी ओली होते. मोठी माणसे म्हणतात, त्यात काय लाजायचे? पण ज्याच्या पायावरून तो ऊन ऊन ओघळ खाली येतो, त्याला विचारा. ते मूल एकदम पुतळ्यासारखे उभे राहते. आजूबाजूला अजून कुणाच्या लक्षात आलेले नसते, आणि कधी येईल या धाकाने त्याचा चेहरा एवढासा होतो.

मावशीला तो चेहरा खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळे. ती पाण्याचा मग उचलायची, लगबगीने त्या मुलापाशी जायची आणि नेमकी तिथेच अडखळायची. भस्सकन पाणी फरशीवर!

“अगं बाई गं! बघा, परत सांडलं माझ्या हातून. आणि या बिचाऱ्याला भिजवलं मी. चल रे बाळा, तुला कोरडे कपडे देते. काय मेली वेंधळी मी!”

सगळी मुले मावशीला हसायची. ते मूलही हसायचे, कारण आता आपण मावशीच्या वेंधळेपणाने भिजलो आहोत असे त्यालाही वाटू लागायचे. मग दोघे माझ्यामागे यायची. मावशीचे डोके वर दिसत राही आणि मूल माझ्या निळ्या चौकडीमागे निवांत कपडे बदली. अशी किती वर्षे गेली! मुले घरी जाऊन सांगत, आमची मावशी फार वेंधळी आहे, रोज पाणी सांडते. आयांनाही ते खरे वाटे. एकदोघींनी तर मोठ्या बाईंना सुचवलेही, की दुसरी कुणी जरा धड बाई बघा. मोठ्या बाई म्हणत, “बघते हं.” आणि मावशीकडे बघून डोळ्यांनी हसत.

मोठ्या बाईंनी माझ्यासाठी एक नियम केला होता. माझ्यामागे मूल असेल, तर कुणीही थेट आत यायचे नाही. आधी माझ्या चौकटीवर दोनदा टकटक करायचे. मग विचारायचे, “आत येऊ का?” आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. विचारून लगेच घुसायचे नाही. आत तीन वर्षांचे पोर असो नाही तर पाच वर्षांचे, त्याने “ये” म्हटले तरच जायचे.

मुलांना हा नियम भयंकर आवडे. ज्यांना घरी कुणी काही विचारत नसे, अशी चिमुरडी माझ्यामागे राजासारखी पाटावर बसून “थांबा” म्हणत. एकदा शाळा तपासणारे साहेब आले होते. चांगले आडदांड, काखेत फायलींचा गठ्ठा. मोठ्या बाई नेमक्या माझ्यामागे एका मुलीला फ्रॉकची बटणे लावून देत होत्या. साहेब तरातरा निघाले. मावशीने मधेच हात आडवा केला. “साहेब, टकटक करावं लागतं.”

साहेबांना वाटले, चेष्टा आहे. पण मावशीचा चेहरा चेष्टेचा नव्हता. त्यांनी बोटाने टकटक केले. “अं... आत येऊ का?”

आतून एक बारीक आवाज आला, “थांबा. माझं एक बटण राह्यलंय.”

साहेब थांबले. फायली सावरत, घड्याळाकडे बघत, पण थांबले. ती मुलगी बाहेर आली, तेव्हा त्यांनी तिला वाट करून दिली. जाताना ते मोठ्या बाईंना म्हणाले, “माझ्या स्वतःच्या कचेरीत मला कुणी इतकं विचारत नाही हो.” ते मनापासून म्हणाले की कुरकुरत, ते मला सांगता येणार नाही. मी फक्त आवाज ऐकला.

मोठ्या बाई थकल्या आणि लेकीकडे दूर राहायला गेल्या, तेव्हा माझे कापड विटले होते, पण बिजागऱ्या टणटणीत होत्या. शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या चौकटीवर त्यांनी दोनदा टकटक केले. आत कुणीच नव्हते. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.

त्यांच्या जागी नव्या ताई आल्या. मित्रांनो, मी आधीच सांगतो, ताई वाईट मुळीच नव्हत्या. त्यांच्या गळ्यात गाणी होती, अंगात उत्साह होता. मुले त्यांच्यामागे मधमाश्यांसारखी गुणगुणत फिरत. त्यांनी आल्या आल्या खिडक्या रंगवून घेतल्या, अंगणात वाळू आणली. आणि शाळेचे एक ॲप सुरू केले.

दिवसभरात काय काय होते ते सगळे त्यात जाई. कुणी डबा किती खाल्ला, कोण किती वेळ झोपले, कोण कितीदा रडले. रडण्याला एक चेहरा होता, हसण्याला दुसरा. शू किती वेळा केली, त्याचाही रकाना होता. ताई बोटाने टकटक करत भराभर सगळे भरत आणि त्रेचाळीस घरांत त्याच क्षणी ते पोचे.

मावशी एकदा म्हणाली, “ताई, एक विचारू? एवढं सगळं आधीच कळल्यावर घरी गेल्यावर आई पोराला विचारणार काय? आणि ते पोर सांगणार काय?”

“मावशी, आईबापांना काळजी असते हो. कामावर असतात दिवसभर.”

तेही खरेच होते.

या ॲपमध्ये रोज एक फोटो टाकावा लागे. बालवाडीच्या भिंतींना मात्र ओल आली होती, पोपडे सुटले होते. फोटो घेतला की मुलांच्या डोक्यामागे भिंतीचा नकाशा दिसे. ताईंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. सुटीच्या दिवशी त्या रंगांचे डबे घेऊन आल्या. माझ्या विटलेल्या निळ्या चौकडीवर त्यांनी आधी पांढरा हात मारला, मग त्यावर पिवळाधमक सूर्य, गुबगुबीत ढग आणि एक इंद्रधनुष्य काढले. मला कोपऱ्यातून उचलून खिडकीजवळच्या उजेडात, भिंतीसमोर सरळ उघडून उभे केले. माझ्या आणि भिंतीच्या मधे जेमतेम एक पाट मावेल एवढी जागा उरली.

“मग पोरांनी कपडे बदलायला जायचं कुठं?” मावशीने विचारले.

“बाथरूम आहे ना, मावशी. आता किती छान टाइल्स बसवल्यात!”

आणि मी? खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला. तीस वर्षांहून जास्त काळ मी लोकांच्या नजरेआड उभा होतो. आता रोज सगळे माझ्याकडे बघत होते. “किती गोड बॅकग्राउंड आहे!” असे पालक म्हणत. ते ऐकून माझ्या जुन्या लाकडाला पालवी फुटेल की काय असे मला वाटे. आपण आडोसा आहोत हे मी विसरत चाललो होतो.

एक जण मात्र विसरली नव्हती. तिचे नाव मी सांगणार नाही. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती सरळ कधी चालतच नसे. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचे तर गरागरा फिरत जाई. चार वर्षांची, केसांचा झाप कपाळावर, पायात नेहमी लाल मोजे. ती गेल्या वर्षीपासून इथे येत होती. माझा पूर्वीचा कोपरा, टकटक आणि मावशीचा मग, हे सगळे तिला ठाऊक होते.

मावशीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, म्हणून ती पंधरा दिवस रजेवर गेली होती. त्यातलाच तो एक दिवस. ठोकळ्यांचा खेळ चालला होता. भिंगरी मधेच थबकली. मला तो चेहरा लांबून ओळखू आला. मी अडतीस वर्षे तोच चेहरा पाहत आलो होतो. तिने इकडेतिकडे मावशीला शोधले. मावशी नव्हती. मग ती, कुणाच्या नकळत, भिंतीला घासत घासत माझ्यामागे आली आणि उभी राहिली. ती वाट बघत होती, कुणीतरी येईल, टकटक करील, विचारील. तिच्या हिशेबी आता सगळे ठीक होणार होते. ती माझ्यामागे पोचली होती ना!

टकटक कुणी केलेच नाही. उलट ताईंनी टाळ्या वाजवल्या. “चला, चला, फोटो! ठोकळ्यांचे मनोरे घेऊन सूर्यासमोर उभे राहा बघू!”

दहा-बारा मुले माझ्यासमोर ओळीने उभी राहिली. काही बसली. माझ्या डाव्या चौकटीसमोर मात्र कुणी नव्हते. “हसा!” ताई म्हणाल्या, आणि फोटो निघाला. दुसऱ्या मिनिटाला तो त्रेचाळीस घरांत गेला.

माझ्या खाली वीतभर मोकळी जागा होती. फरशी पुसायला बरी पडते म्हणून सोडलेली. त्या फटीत दोन लाल मोजे दिसत होते आणि त्यांच्याभोवती पसरलेले पाणी.

थोड्या वेळाने ताईंनी मुले मोजली, तेव्हा एक कमी भरले. त्यांनी भिंगरीला शोधले, जवळ घेतले, बाथरूममध्ये नेऊन मायेने कपडे बदलून दिले, मोजे तेवढे तेच राहिले. फोटोत काय गेले आहे, हे त्यांच्या गावीही नव्हते. भिंगरीची आई औषधांच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकांच्या गर्दीत तिने फोटो उघडला, आपली लेक कुठे दिसते का ते न बघताच त्यावर एक बदाम टाकला आणि फोन खिशात ठेवला. हे ती नंतर स्वतःच रडत रडत सांगणार होती.

पालकांमध्ये एक बाबा होते. छपाईच्या दुकानात डिझाइन करायचे. सतत काही ना काही गंमत टाकायचे, म्हणून सगळे त्यांना विनोदवीर म्हणत. त्यांना ते मोजे दिसले. त्यांनी त्यांच्याभोवती लाल गोल काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकले, “शोधा पाहू! सूर्यामागे कोणी तळं केलंय?” त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. हसणारे चेहरे पटापट आले. दुपारी शाळा सुटली, तेव्हा दारात एका मुलाची मोठी बहीण भिंगरीच्या पायांकडे बघून म्हणाली, “लाल मोजे! तळेवाली हीच का?”

भिंगरी खाली बसली, तिने दोन्ही मोजे काढले, परत आत आली, ते माझ्यामागे टाकले आणि अनवाणीच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी तिची आई आली. त्याच दिवशी मावशीही कामावर परतली होती, डोळ्यांवर मोठा काळा चष्मा लावून.

“ताई, मी नाव काढून घ्यायला आलेय,” आई म्हणाली.

“अहो, काय झालं? मी तो फोटो काढून टाकला हो लगेच, कळल्याबरोबर. मला इतकं वाईट...”

“ती सकाळी पाणी पीत नाही.” आईचा आवाज एकदम फाटला. “डॉक्टर ओरडले मला. मी म्हटलं, अगं पी ना गं, राणी. तर म्हणते, प्यायलं की शू होते, आणि शू झाली की फोटो येतो. घरात कुणी फोन हातात घेतला की पलंगाखाली जाऊन बसते. आता मी काय करू सांगा. आणि त्या फोटोला पहिला बदाम माझा आहे!”

मावशीला काहीच माहीत नव्हते. तिने सगळे ऐकून घेतले. मग ती माझ्यापाशी आली, वाकली, माझ्यामागून ते वाळून कडक झालेले दोन मोजे काढले आणि बराच वेळ हातात धरून उभी राहिली. काळ्या चष्म्यामागे तिचे डोळे मला दिसले नाहीत.

“नाव इतक्यात काढू नको, बाळा,” ती आईला म्हणाली. “चार दिवस दे मला.” आणि ताईंकडे वळून म्हणाली, “ताई, पालकांना बोलवा. सगळ्यांना.”

शनिवारी सभा भरली. मोठमोठी माणसे मुलांच्या इवल्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एरवी मला हसू आले असते. ताईंनी झाले ते सगळे सांगितले, काही न लपवता, आणि माफी मागितली. मग म्हणाल्या, “पण माझं एक ऐका. सुरुवातीलाच सतरा पानांचा फॉर्म दिला होता मी. सगळ्यांनी सही केलीय, फोटोला परवानगी आहे म्हणून.”

“भिंगरीने केली का सही?” मावशीने विचारले.

“अहो मावशी, ती चार वर्षांची आहे!”

“चार वर्षांच्या पोराला सही येत नाही, पण ‘नको’ म्हणता येतं. मोठ्या बाई ते ऐकायच्या.”

मागच्या खुर्चीवरून एक बाबा उठले. ट्रक चालवायचे ते. “माझं जरा निराळं आहे. मी महिन्यातून दोनदा घरी येतो. रोज जेवायला थांबलो की लेकाचा तो फोटो बघतो आणि मगच घास उतरतो. सगळंच बंद करू नका हो.”

त्यांचे ऐकून सगळेच थोडे मऊ झाले. मलाही त्यांच्यासाठी वाईट वाटले.

विनोदवीर खुर्चीत चुळबुळत होते. ते उठले. “हे बघा, चूक झाली, मान्य. सॉरी. पण किती ताणायचं? लहान मुलं आहेत. आज रडतात, उद्या विसरतात. मोठी झाली की आठवणारही नाही तिला.”

भिंगरीची आई हळूच म्हणाली, “ती विसरेल हो. त्रेचाळीस घरांतले फोन विसरतील का? उद्या ती दहावीत जाईल, तेव्हाही कुणाच्या तरी फोनमध्ये ते मोजे असतीलच ना?”

मग मावशी पुढे आली. तिच्या हातात तो जुना मग होता.

“मी शिकलेली नाही. ते ॲप मला कळत नाही. मला एवढंच सांगायचंय की अडतीस वर्षं मी या खोलीत पाणी सांडतेय.” तिने मग ताईंच्या टेबलावर ठेवला. “तुम्हाला वाटलं, मावशी वेंधळी. वाटू दे. इथे कुणी ओलं झालं, की मी त्याच्या पायापाशी पाणी सांडायची, म्हणजे कुणाचं पाणी कुठलं ते कळायचं नाही. या खुर्च्यांवर आज बसलेत त्यातली चार जणं माझ्याच हाताखाली वाढलीत. त्यातल्या कुणाकुणासाठी मी किती वेळा सांडलं, ते मला पाठ आहे. पण तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही, आणि आजही सांगणार नाही.”

विनोदवीर उभेच होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या. ते सावकाश खाली बसले. मित्रांनो, ते का लाल झाले ते तुम्ही ओळखले असेल. पण माझ्या तोंडून तुम्हाला काही कळणार नाही. मी आडोसा आहे.

मग विनोदवीर म्हणाले, “मावशी... म्हणजे तुम्ही वेंधळ्या नव्हता? मी घरी जाऊन आईला सांगायचो, आमची मावशी रोज पाणी सांडते म्हणून.”

“वेंधळी होतेच रे. अजून आहे. कालच हा चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधला.”

कुणीतरी हसले, कुणीतरी डोळे पुसले. विनोदवीर मात्र हसले नाहीत.

त्या संध्याकाळपासून ते त्रेचाळीस घरांचे उंबरे झिजवू लागले. ग्रुपवर लिहून भागले नसते का? पण ते प्रत्येक दारात गेले आणि म्हणाले, “माझ्यासमोर पुसा तो फोटो, प्लीज.” बहुतेकांनी पुसला. दोन घरे बंद होती. एका काकूंनी तो पुढे बहिणीला पाठवला होता आणि बहिणीने आणखी कुणाला, ते त्यांना सांगता येईना. त्यामुळे तो फोटो सगळीकडून गेला असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मोकळे सुटलेले पाणी परत मगात भरता आले असते, तर मावशीला एवढी वर्षे फरशी पुसावी लागली नसती.

ताईंनी मला पुन्हा जुन्या कोपऱ्यात आणले. ॲपमधला रडण्याचा चेहरा गेला, शूचा रकाना गेला. फोटो राहिले, पण मुलांना विचारून. ट्रकवाल्या बाबांच्या लेकाला ताईंनी विचारले, “बाबांना फोटो पाठवू का?” तो म्हणाला, “पाठवा, पण माझा नको, मी केलेल्या पुलाचा पाठवा.” बाबांनी त्या ठोकळ्यांच्या पुलाचा फोटो ट्रकमध्ये काचेपाशी चिकटवला आहे म्हणे.

आणि मावशीने सुई-दोरा घेतला. पत्र्याच्या पेटीतून निळ्या चौकडीचा एक उरलेला तुकडा शोधून काढला. एका डोळ्याने नीट दिसत नव्हते, म्हणून टाके वेडेवाकडे पडले, पण माझ्या खालच्या बाजूला तिने वीतभर झालर शिवली, पार फरशीला टेकणारी. ज्या फटीतला धोका सुतारकाकांना दिसला नाही, मोठ्या बाईंना दिसला नाही, मलाही दिसला नाही, ती शेवटी बुजली. त्या झालरीने मला जे समाधान दिले, ते सूर्याने आणि इंद्रधनुष्याने कधी दिले नव्हते.

सभेनंतर अकरा दिवसांनी भिंगरी आली. आईचा पदर मुठीत धरून, पायांत पांढरे मोजे. ती सरळ चालत होती, एकही गिरकी न घेता. दारातून तिने सगळ्या खोलीवर नजर टाकली. ताईंचे हात रिकामे होते. फोन त्यांनी कपाटात ठेवला होता. भिंगरी कुणाशी न बोलता तडक माझ्यामागे आली आणि पाटावर बसली. झालर तिने पायाने उचलून पाहिली, सोडली, पुन्हा उचलली, पुन्हा सोडली.

ताई माझ्यापाशी आल्या. त्यांनी वरून डोकावले नाही. त्यांनी माझ्या चौकटीवर दोनदा टकटक केले. कितीतरी दिवसांनी माझ्या लाकडात तो आवाज घुमला.

“आत येऊ का?”

उत्तर नाही. ताई थांबल्या. मुले गाण्यासाठी गोल करून बसली होती. ती कुजबुजू लागली. दारात आई उभी होती. मावशी मग हातात घेऊन तयार होती, सवयीने.

आतून बारीक आवाज आला. “थांबा.”

“थांबते,” ताई म्हणाल्या, आणि खरोखरच थांबल्या. खाली फरशीवर मांडी घालून बसल्या. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग झालरीखालून एक छोटा हात बाहेर आला.

“मला पाणी हवंय.”

मावशीने मग भरून त्या हातात दिला. हात आत गेला. आणि मग, मित्रांनो, मी जे ऐकले ते मी कधी विसरणार नाही. घटाघटा, श्वासही न घेता, ती तो सगळा मग प्यायली.

आता मी फार जुना झालो आहे. मधली एक बिजागरी करकरते. सूर्याचा रंग उडून त्याखालची निळी चौकडी पुन्हा दिसू लागली आहे. भिंगरी मोठ्या शाळेत गेली, गिरक्या घेतच गेली. तिचे लाल मोजे मावशीने धुऊन पेटीत ठेवले आहेत. ते तिने कधी परत मागितले नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखा आडोसा तुमच्या घरी नसेल. पण फोन असेल, आणि घरात कुणीतरी तुमच्याहून लहानही असेल. झोपलेले, रडणारे, अर्धे कपडे घातलेले, नाही तर नुसतेच आपल्या खेळात हरवलेले. त्याच्याकडे फोन रोखण्याआधी जवळच्या लाकडावर दोनदा टकटक करा. लाकूड नसेल, तर आपल्या मनातच करा. मग त्याला विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर ते मोठे होऊन काय म्हणेल याचा विचार करा.

आणि उत्तर “थांबा” असे आले, तर थांबा.